कबुतर म्हणजे शांतता, मग कोळी म्हणजे काय?

शाईदौत:
गेली दोन वर्षं मी एक वही ठेवली आहे. डावीकडे चित्रात दिसलेली वस्तू, उजवीकडे तिचा अर्थ. कबुतर: शांतता. कवटी: मृत्यू. विझलेली मेणबत्ती: संपलेलं आयुष्य. जुन्या युरोपीय चित्रांपर्यंत वहीने छान साथ दिली. आधुनिक कलाकारांपाशी आले आणि अडकले. फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बूर्ज्वा यांचं १९९९ चं शिल्प घ्या. नऊ मीटरहून उंच कोळी. माझ्या वहीत कोळ्यापुढे 'कपट, सापळा' असं लिहिलंय आणि शिल्पाचं नाव 'मामाँ', म्हणजे आई!

एका चित्रकला शिक्षकांना विचारलं, तर म्हणाले, "आधुनिक कलेत ज्याला जे वाटेल तो अर्थ." मला हे पटत नाही. काहीही चालणार असेल तर कोळीच का? गोगलगाय का नाही? तुम्ही लोक अशी चित्रं कशी बघता?

ठोकळा_आणि_शाई:
शिक्षकांचं मलाही पटलं नाही. मी लाकूड कोरून छापचित्रं करतो, म्हणून करणाऱ्याच्या बाजूने सांगतो. एकदा मी एकच पक्षी दोन ठोकळ्यांवर कोरला. आकार तोच, पंख तसेच पसरलेले. एकावर बारीक हत्याराने सावकाश रेघा काढल्या, दुसऱ्यावर रुंद पटाशीने भराभर लाकूड उडवलं. छाप काढले तर पहिला पक्षी तरंगत होता आणि दुसरा कोसळत होता. वहीत दोघांपुढे एकच शब्द आला असता. तेव्हापासून चित्रात काय आहे याच्याआधी ते कसं केलंय हे बघतो.

पिकासोचं 'गेर्निका' याच नजरेने बघा. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, तेव्हा पिकासो पॅरिसमध्ये होता. बातमी त्याच्यापर्यंत वर्तमानपत्रांतून आली. चित्रात फक्त काळा, पांढरा आणि करडा. घोड्याच्या अंगावर छोट्या उभ्या रेघांच्या ओळीच्या ओळी आहेत, छापील मजकुरासारख्या. मला तर तो घोडा बातमीतूनच किंचाळत बाहेर आल्यासारखा वाटतो. शिवाय कॅनव्हास जवळजवळ ३.५ मीटर उंच आणि ७.८ मीटर रुंद. समोर उभं राहिलं की नजर पळवायला जागा उरत नाही. हा सगळा अर्थच आहे, आणि यातलं काहीच प्रतीकांच्या यादीत सापडणार नाही.

याच चित्रातला बैल म्हणजे काय यावर लोक अजून भांडतात. मला त्याहून मोलाचे वाटतात ते छायाचित्रकार डोरा मार यांनी चित्र रंगत असताना काढलेले फोटो. सुरुवातीला खाली पडलेल्या सैनिकाची मूठ आभाळाकडे उगारलेली होती. पुढे तिच्यामागे सूर्य आला. मग मूठ गेली, सूर्याचा डोळ्यासारखा लांबट आकार झाला आणि शेवटी त्यात विजेचा दिवा बसला. उगारलेली मूठ सगळ्यांना कळली असती, घोषणेसारखी. तीच त्याने काढून टाकली! सैनिकाच्या हाती उरली मोडकी तलवार आणि तिच्याशेजारी एक फूल, तेही इतकं फिकट की शोधावं लागतं.

कोरा_कागद:
जागाही बघा. १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात चित्रकार मालेविचने 'काळा चौरस' खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी असतात. तिथल्या प्रेक्षकाला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती.

तिसरी_घंटा:
पण म्हणजे ते माहीत असावंच लागतं ना? मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं १९४४ चं 'मोडलेला खांब' हे स्वतःचं चित्र बघा. १९२५ चा तिचा बस अपघात आणि पाठीला आधार म्हणून ती घालायची तो पोलादी कमरपट्टा माहीत नसेल तर काय कळणार?

ठोकळा_आणि_शाई:
मी ते चित्र काही माहीत नसताना पाहिलं होतं. मणक्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब, अंगभर खिळे, मागे भेगाळलेली जमीन. माझी पाठ आपोआप ताठ झाली. अपघाताचं नंतर वाचलं, तेव्हा तो पट्टा मला दुसऱ्यांदा दिसला. आधी मी त्याला सजावट समजलो होतो. माहितीने नक्कीच भर पडते. फक्त आधी डोळ्यांना थोडा वेळ द्यावा, एवढंच म्हणणं.

शाईदौतताई, कोळ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. बूर्ज्वांच्या घरी जुने विणलेले भित्तिपट दुरुस्त करायचा व्यवसाय होता आणि त्यात आईचा मोठा हात होता. ती १९३२ मध्ये गेली. आता शिल्पाचे फोटो पुन्हा काढून बघा, खालून घेतलेले मिळाले तर उत्तम.

शाईदौत:
रात्री तासभर तेच बघत होते. खालून पाहिलं तर पोटाशी जाळीची पिशवी आहे, तिच्यात संगमरवरी अंडी. माणसं पायांमधून आरामात चालतात. धड एवढं उंचावर की अंडी कुणाच्या हाती लागणार नाहीत. आणि पाय जमिनीवर टेकतात तिथे निमुळते होत गेलेत, सुईसारखे. आठही. हे मी अर्थ माहीत झाला म्हणून बघतेय, की ते तिथे आहेच?

ठोकळा_आणि_शाई:
आहेच. मी इतकी वर्षं ते फोटो बघतोय, पण सुई मला दिसली नव्हती.