डोगोन मूर्ती: प्रत्येक मूर्ती नोम्मोच का?

काही जण म्हणतात की पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांची प्रत्येक लाकडी मूर्ती म्हणजे नोम्मो, अम्मा या निर्मात्या देवाने घडवलेला पाण्याचा आदिजीव. हे सरसकट मला पटत नाही. ही उकल मुख्यतः फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९४६ साली ओगोतेमेली या अंध, वृद्ध डोगोन शिकाऱ्याशी केलेल्या संवादांवर उभी आहे. पुढे डच मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर व्हान बीक यांनी डोगोनांमध्येच राहून काम केलं आणि १९९१ मध्ये लिहिलं की ती सृष्टिकथा त्या रूपात गावकऱ्यांना ठाऊकच नव्हती.

म्हणून मी आधी मूर्तीचं अंग बघते. कितीतरी मूर्तींवर जाड, भेगाळलेलं पुट असतं; बाजरीची पेज आणि बळीचं रक्त पुन्हा पुन्हा ओतून चढलेलं. कोणीतरी त्या मूर्तीकडे काही मागत होतं, हे त्या पुटातच दिसतं. हात वर केलेल्या मूर्ती पावसाची याचना करतात, असं बरेच अभ्यासक मानतात. डोगोन जिथे राहतात तो मालीतला कोरडा बांदियागारा कडा पाहिला की ते खरं वाटतं.

आणि तोगुना विसरू नका! पुरुषांच्या बैठकीची ही जागा. वर बाजरीच्या ताटांचे थरावर थर, खाली कोरीव खांब, कित्येकांवर स्त्रीचे स्तन. छप्पर इतकं बुटकं की वादात कोणी तावातावाने उठला तर डोकंच आपटायचं. असे खांब आणि धान्यकोठारांची कोरीव दारं गावांतून उचलून संग्राहकांना विकली गेली, याचं मला फार वाईट वाटतं.