पंचवीसपट जमले म्हणून नोकरी सोडायची?

जमाखर्च : मोकळाश्वास यांनी परवा इथे मंचावर लिहिलं की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमली की नोकरी सोडावी, त्यापुढे कमावणं ही हाव. वाचून राहवलं नाही.

हे पंचवीसपट आलं कुठून? विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये, निवृत्तीनंतर साठवणीतून दरवर्षी किती काढलं तर ती पुरेल, याचा हिशेब मांडला, अमेरिकेतले शेअर आणि सरकारी रोखे धरून, तोही ३० वर्षांपुरता. तुम्ही ४५ व्या वर्षी थांबणार आणि आजी नव्वदीत आहे म्हणता. म्हणजे तुम्हाला ४५ वर्षं धरायला हवीत. महागाई सहा टक्के धरली तरी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो.

माझ्या वडिलांनी २००१ मध्ये बँकेतून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, वय ५१. सगळा पैसा मुदत ठेवीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्याज असं उतरलं की ठेवीचं नूतनीकरण करून आले की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. पीपीएफवर २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के मिळायचे, आज ७.१. माझी इंजिनिअरिंगची शेवटची फी आईच्या बांगड्या मोडून भरली. तेव्हा हाव वगैरे मला सांगू नका.

मोकळाश्वास : वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण चूक लवकर थांबण्यात नव्हती, सगळं एकाच ठिकाणी ठेवण्यात होती. माझे निम्मे इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात आहेत, तीन वर्षांचा खर्च वेगळा काढलाय. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र ४८ व्या वर्षी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळला. फ्लॅट, पीएफ, सगळं होतं. १४२ दिवसांची रजा शिल्लक होती, तिचे पैसे वहिनींच्या खात्यात आले. मला तसं जायचं नाही. गावी जाऊन आंब्याची बाग करणार आहे.

देवगडची_वाट : बाग! इथेच माझं डोकं फिरतं. शहरात दमलेल्या प्रत्येकाला आमची बाग म्हणजे विश्रांतीची जागा वाटते. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, हे माहीत आहे ना? कलम लावल्यावर पाच वर्षं नुसतं जपायचं, चार पैसे दिसायला दहा. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. मोहर आला की तुडतुडे, फुलकिडे, त्यात अवकाळी पाऊस. आंबा तयार झाला की वानरं. राखणीला गावातला माणूस मिळत नाही, नेपाळहून गडी आणावे लागतात.

मोकळाश्वास : जमीन आजोबांची आहे, २२ गुंठे, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. शिकेन.

देवगडची_वाट : दहा-दहा मीटरवर लावलीत तर २२ गुंठ्यांत बावीस कलमं बसतील. बावीस कलमांवर घर चालवणार?

मोकळाश्वास : घर बागेवर चालवायचं आहे असं मी कुठे म्हटलं? तुम्ही लोक बाहेरच्याला पाऊलच टाकू देत नाही. मग गावं ओस पडली म्हणून रडता!

देवगडची_वाट : रडतो, कारण आम्ही तिथे राहतो. तुम्ही मे महिन्यात पेट्या न्यायला येता.

रोहिणी_ठाणे : आंबा जरा बाजूला ठेवता का? मेडिक्लेमवर कुणीच बोललं नाही. माझ्या नवऱ्याने ४६ व्या वर्षी नोकरी सोडली, त्याच दिवशी कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून सासूबाईंचं नाव गेलं. वय ७२, मधुमेह. नवीन पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबा. पाचव्या महिन्यात मधुमेहापायी पायाची जखम चिघळली, ऑपरेशन झालं. सगळा खर्च खिशातून. नवरा आता कमी पगारावर परत कामाला जातो. सोडायचीच असेल तर तीन वर्षं आधी सगळ्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा आणि मग राजीनामा लिहा.

मोकळाश्वास : हे मी धरलं नव्हतं. आई अजून माझ्या ऑफिसच्याच पॉलिसीत आहे.

जमाखर्च : तेच म्हणत होतो. तुमच्या मित्राचं मात्र मनातून जात नाही. माझीही रजा नव्वदच्या वर साठलीय. पण पंचवीसपट मी मान्य करणार नाही. चाळीसपट म्हणा, मग बोलू.

मोकळाश्वास : चाळीसपट जमेपर्यंत मी साठीचा होईन. पॉलिसीसाठी तीन वर्षं थांबतो, त्याहून एक दिवस जास्त नाही.

देवगडची_वाट : तीन वर्षं आहेत तर कलमं या पावसाळ्यातच लावा, आत्ताच. आणि डिसेंबरात आठ दिवस रजा काढून माझ्याकडे या. मोहरावर फवारणी असते, पहाटे सुरू होते.