ऊर्जेचे स्रोत मुलांना कसे शिकवता? यादीच्या पुढे जायचंय

खडूवाली:
नमस्कार मंडळी, मी आठवीला विज्ञान शिकवते. ऊर्जास्रोतांचा धडा आला की मुलं पारंपरिक-अपारंपरिक असे दोन रकाने पाठ करतात, मार्कही पडतात, पण पंखा कशावर चालतो विचारलं की "लाइटवर" आणि लाइट कुठून येते विचारलं की "वायरमधून", त्याच्या मागे काहीच नाही. आपण सगळे मिळून एवढी ऊर्जा कशाकशाला वापरतो हे त्यांच्या डोक्यात कसं उतरवायचं? फार सामान न लागणारं काही केलं असेल तर सांगा ना.

पेन्सिलटोक:
स्रोतांपासून सुरूच करू नका, आधी ऊर्जा किती म्हणजे किती ते अंगाला कळू दे. एकेकाला जिना चढायला लावा (पळत नको). ४० किलोचं मूल ३ मीटर वर गेलं की साधारण १२०० जूल काम झालं, ६ सेकंदांत गेलं तर २०० वॅट. एवढ्यावर ९ वॅटचा एलईडी दोन मिनिटं चालतो आणि जुना ६० वॅटचा बल्ब फक्त २० सेकंद! मग फळ्यावर लिहा १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल, आणि भागाकार त्यांनाच करू द्या. तोच जिना ३००० वेळा. कोणीतरी विचारतंच की मग एवढी ऊर्जा येते तरी कुठून, तिथे पुस्तक उघडायचं.

उलटी_गंगा:
जिना मस्तच. मी त्यानंतर मुलांना पंख्यापासून मागे मागे जायला लावते, वायर, उपकेंद्र, जनित्र, टर्बाइन, वाफ, कोळसा, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं आणि शेवटी सूर्य. यातून वीज हा मुळात स्रोतच नाही, ऊर्जा इकडून तिकडे न्यायची सोय आहे, हे न सांगता कळतं. जनित्र वाफेने फिरो, पाण्याने की वाऱ्याने, तत्त्व १८३१ साली फॅरडेने दाखवलं तेच. अणुऊर्जेतसुद्धा शेवटी पाणीच उकळतं हे ऐकून मुलं चाट पडतात. सोलर पॅनेलमध्ये मात्र फिरणारं काहीच नाही, ते वेगळं सांगा. आणि सूर्यापर्यंत न पोचणाऱ्या साखळ्या शोधायला लावा: अणुऊर्जा, भूगर्भातली उष्णता, भरती-ओहोटी. वाटेत गळती किती होते तेही दाखवा, कोळशाच्या केंद्रात उष्णतेच्या एक तृतीयांशाच्या आसपासच वीज होते, बाकी बहुतेक उष्णता वाफ थंड करताना आणि चिमणीतून जाते.

आलेख_कागद:
वरचं सगळं पटलं पण एक राहतंय, मुलांना ऊर्जा म्हणजे वीजच वाटते. जगात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्साच विजेच्या रूपात असतो, बाकी गाड्यांचं इंधन, स्वयंपाक, कारखान्यांतली उष्णता. सिमेंटची भट्टी १४५० अंशांच्या आसपास तापवावी लागते, हे सांगितलं की भिंतीकडे बघायची नजरच बदलते. आणि "चांगले स्रोत, वाईट स्रोत" असे शिक्के प्लीज मारू नका. त्यापेक्षा २४ तासांच्या मागणीचा आलेख काढा, सूर्य, वारा, धरण, कोळसा असे गट करा आणि प्रत्येक तास भरायला लावा. संध्याकाळी सातला मागणी चढलेली असते आणि सूर्यवाल्यांकडे काही नसतं, तिथे जी वादावादी होते ना, बॅटरीचा विषय मुलंच काढतात.

खडूवाली:
हे भारी आहे, करतेच. फक्त कोळसावाले म्हणणार, आम्ही सातला चालू करतो नि दहाला बंद, त्यांना काय सांगू?

आलेख_कागद:
थंड पडलेला बॉयलर तापून वीज सुरू व्हायला कित्येक तास जातात, त्यामुळे त्यांना दुपारीच ठरवायला लावा आणि एकदा चालू केलं की मध्येच बंद करता येणार नाही असा नियम ठेवा. धरणाचं पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज मिळते, पण त्यांना पाणी मोजूनच द्या, नाहीतर सगळे तास तेच भरून टाकतील.