संघटना असताना आणखी मंडळ कशाला?

कृष्णाकाठची, सातारा

परवा इथंच एकानं लिहिलं, "कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसांना कसलं आलंय प्रोफेशनल असोसिएशन? जीआर वाचता आला, शिक्का मारता आला की झालं. बाकीच्याला संघटना आहेच." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले. पण सव्वीस वर्षं या कामात गेलीत. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, आज अधीक्षक आहे, आणि ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

आपल्याकडं संघटना म्हटलं की काळ्या फिती, निवेदन, मोर्चा. ती हवीच. तिची वर्गणी मी एकही वर्ष चुकवलेली नाही. पण ती माझ्या पगारासाठी, पेन्शनसाठी भांडते. काम कसं करायचं हे कोण शिकवणार? मी लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या काकांनी शिकवलं. जे चुकीचं शिकवलं तेही मी दहा वर्षं तसंच करत राहिले. काका निवृत्त झाले आणि जुन्या जनरल रजिस्टरांची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेश-नोंदवह्यांची, सगळी माहिती त्यांच्याबरोबर घरी गेली. पुढं परदेशातून एका १९७९ च्या पदवीधराच्या पडताळणीचा मेल आला, तेव्हा आम्ही तिघांनी रेकॉर्डरूममध्ये चार दिवस काढले. नाव सापडलं ते फीच्या वहीत.

अमेरिकेत कुलसचिव आणि प्रवेशाचं काम बघणाऱ्यांचं मंडळ १९१० सालचं आहे. कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली त्याच्या नऊ वर्षं आधीचं. विद्यार्थ्याच्या नोंदीत काय असावं, गुणपत्रक कसं असावं, यावर त्यांची मार्गदर्शक पुस्तकं आहेत. ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रशासकांनी १९६१ पासून असं मंडळ चालवलं. आपल्याकडं एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांचा संघ, १९२५ पासून आहे, पण तिचं सदस्यत्व विद्यापीठाला मिळतं, टेबलावर बसणाऱ्याला नाही.

साताऱ्यात आता तीन महाविद्यालयं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलंय. पदवी देण्यापर्यंतची जी कामं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात व्हायची ती इथल्या माणसांच्या हातात आली. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आलं, विद्यार्थ्यानं मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणारी श्रेयांकांची बँक आली. हे सगळं प्रत्येकानं एकट्यानं, चुकत चुकत शिकायचं? सातारा, सांगली, कोल्हापूरच्या ऑफिसवाल्यांचं एक मंडळ झालं, तीन महिन्यांनी बसलो, नमुने एकमेकांना दिले, तर कुणाचं काय बिघडतं?

आवकजावक, सांगली

ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागं घेत नाही.

ताई, तुम्ही अधीक्षक आहात. मी अजून टेबलावर आहे. असं मंडळ निघालं की पहिल्या वर्षी कुलसचिव अध्यक्ष होणार, दुसऱ्या वर्षी महाबळेश्वरच्या हॉटेलात परिषद होणार, आणि त्या दिवसांत महाडीबीटीचे अर्ज पडताळत ऑफिसात कोण बसणार? आम्हीच. शिष्यवृत्तीचा अर्ज क्लार्क लॉगिनवर अडकला की पोरगं आमच्या खिडकीवर रडतं, अध्यक्षांच्या नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, मग संप केला. आश्वासित प्रगती योजना, म्हणजे दहा-वीस-तीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी, ही भांडणं संघटनेनं केली. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या पेन्शनसाठी रस्त्यावर तीच उतरली. तुमचं मंडळ उतरलं असतं?

आणि ज्ञानाचं म्हणाल तर माझा थोरला भाऊ मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाला. आयुष्यभर जीआरची फाइल अशी ठेवली की इतर कॉलेजांची माणसं झेरॉक्सला यायची. निवृत्तीला सात महिने राहिले आणि सेवापुस्तकावर आक्षेप निघाला. सहाव्या वेतन आयोगातली वेतननिश्चिती चुकली म्हणे. दोन लाख ऐंशी हजार वसुली. उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापले. चूक त्याची नव्हती, निश्चिती ज्यांनी तपासली त्यांची सही होती. कुठल्या परिषदेनं वाचवलं असतं त्याला?

अजिंक्यतारा

मूळ प्रश्नावर येतो, पण आधी रजेचं बोलू. प्राध्यापक चर्चासत्राला निघाला की कर्तव्यरजा, वर प्रवासभत्ता. माझ्या ऑफिसातल्या मुलीनं नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, माहितीबद्दलच्या एक दिवसाच्या कार्यशाळेला जायचं म्हटलं तर किरकोळ रजा टाकायला लावली. नॅकचे सगळे निकष भरताना आकडे कुणाकडून येतात? पडताळणीतल्या शंका आल्या की रात्री दहापर्यंत कोण बसतं? मंडळ काढायचं तर पहिला ठराव रजेचा करा. नाहीतर मी सभासद होणार नाही.

खडूफळा, कराड

प्राध्यापकांवर घसरायचं कारण नव्हतं. स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, माझी फाइल दीड वर्ष ऑफिसात पडून होती. ज्यांना रजा हवी त्यांनी आधी फाइल हलवावी.

अजिंक्यतारा

दीड वर्षात तुम्ही किती वेळा ऑफिसात आलात ते सांगा. आमच्याकडं अशा फाइलींत निम्म्या वेळा प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रतीच नसतात. तीन पत्रं पाठवायची, एकाचंही उत्तर नाही, आणि शेवटी दोष शिपायापासून अधीक्षकापर्यंत सगळ्यांना. मला तुमची फाइल माहीत नाही, पण हा सूर माहीत आहे.

हळदपेठ, सांगली

मी २०१९ बद्दल सांगते. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमची रेकॉर्डरूम तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सगळ्यात खालच्या दोन फळ्या, म्हणजे सगळ्यात जुनी जनरल रजिस्टरं, चिखलात. आम्ही काय केलं? ऊन पडलं होतं म्हणून मैदानात नेऊन उघडी ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना शाई दुसऱ्या पानावर आली. एकाच रजिस्टरातल्या कित्येक पोरांच्या जन्मतारखा गेल्या. त्यातला एक गृहस्थ सहा महिन्यांनी दाखला मागायला आला. सत्तरीचा असेल. मी त्याला काय सांगणार होते?

नंतर कळलं की भिजलेल्या कागदाला ऊन दाखवायचं नसतं. पानांच्या मध्ये टीपकागद घालून, सावलीत, पंख्याखाली वाळवायचं. आणि एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर गठ्ठे गोठवायचे, म्हणजे सवडीनं एकेक काढून वाळवता येतात. गोठवता नाही आले तरी थंडीत ठेवल्यावर बुरशी लवकर धरत नाही. अहो, तासगाव-सांगलीच्या पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहं केवढी आहेत! एक फोन करायचा होता. पण हे माहीत असलेलं एकही माणूस आमच्या ओळखीत नव्हतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा रजिस्टरं वरच्या मजल्यावर होती, ती आमची स्वतःची अक्कल. त्याची किंमत २०१९ ला मोजली होती.

आवकजावक, तुमच्या संघटनेनं त्या वेळी पूरग्रस्त सभासदांना मदत केली, मी विसरले नाही. पण रजिस्टर कसं वाळवायचं हे तिला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आवकजावक, सांगली

पुराचं मान्य. त्यावर मी काही बोलणार नाही, माझ्या घरात पण पाणी होतं.

पण भावाच्या वसुलीचं कुणी बोललं नाही. सगळे आपापलं सांगून मोकळे.

हिशेबनीस, मिरज

मी बोलतो. तुमच्या भावाकडून ती वसुली व्हायलाच नको होती, असं माझं मत आहे. १८ डिसेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. पाच परिस्थितींत जादा दिलेल्या वेतनाची वसुली करू नये असं त्यात आहे. पहिली, वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी. दुसरी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे. तिसरी, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ ते पैसे दिले गेले असतील तर. मुख्य लिपिक वर्ग तीन. निवृत्तीला सात महिने. निश्चिती सहाव्या आयोगाची. तिन्ही कलमांत माणूस बसतो.

आवकजावक, सांगली

हा निकाल २०१४ चा. भाऊ निवृत्त झाला २०१७ ला. म्हणजे तेव्हा होता.

हिशेबनीस, मिरज

होता.

निवृत्त अधीक्षक

थांबा. अर्धी गोष्ट सांगून माणसाला आशा लावू नका. २९ जुलै २०१६ ला त्याच न्यायालयाचा जगदेव सिंग निकाल आला. वेतनश्रेणी घेताना "जादा गेलं तर परत करीन" असं हमीपत्र दिलं असेल तर वसुली होते. आपल्या प्रत्येकानं नवी वेतनश्रेणी निवडायच्या, म्हणजे विकल्पाच्या, अर्जाबरोबर तसं लिहून दिलंय. मी शेकडो लोकांकडून सह्या घेतल्यात. आत्ता हे वाचून मी काय केलं याचा विचार करतोय.

हिशेबनीस, मिरज

काका, अर्धी गोष्ट तुम्ही सांगताय. तो निकाल नीट वाचा. जगदेव सिंग हरियाणातले दिवाणी न्यायाधीश होते, वर्ग तीनचे नव्हते. आणि न्यायालयानं तिथं दुसऱ्या कलमाबद्दल म्हटलंय, निवृत्तांच्या. वर्ग तीन-चारचं पहिलं कलम वेगळं उभं आहे.

निवृत्त अधीक्षक

कागदावर उभं आहे. ऑफिसात हमीपत्र दाखवलं की समोरचा माणूस गप्प बसतो. मी चाळीस वर्षं पाहिलंय. तुम्ही किती वसुल्या थांबवल्यात?

हिशेबनीस, मिरज

दोन. एक माझी स्वतःची. अर्ज, मग स्मरणपत्र, मग माहिती अधिकारात विचारलं की कुठल्या नियमानं कापताय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर देण्याऐवजी आदेश मागं घेतला. दुसरी आमच्या शिपायाची. त्याला वाचता येत होतं पण इंग्रजी निकाल नाही, मी मराठीत लिहून दिला.

निवृत्त अधीक्षक

दोन म्हणजे दोन. बरं. माझं "गप्प बसतो" हे सरसकट नव्हतं म्हणा.

अजिंक्यतारा

धागा मंडळाचा होता.

कृष्णाकाठची, सातारा

असू द्या, चालू दे.

आवकजावक, सांगली

नाही, चालू कसं द्यायचं? मला राग आलाय आणि तो हिशेबनीस यांच्यावर आहे. मिरज ते सांगली किती अंतर? दहा किलोमीटर पण नाही. तुम्हाला हे माहीत होतं, तुमची वसुली थांबली होती, आणि माझा भाऊ तिकडं उपदानातून पैसे कापून घेत होता, कारण त्याला वाटलं चूक झालीय तर भरायला पाहिजे. तो तसा माणूस आहे. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या वर्षी पुढं ढकललं. तुम्ही का नाही कुणाला सांगितलं?

हिशेबनीस, मिरज

कुणाला सांगणार होतो? मी तुमच्या भावाला ओळखत नव्हतो. आमच्या कॉलेजात सांगितलं. व्हॉट्सॲपवर टाकलं, तिथं त्याच दिवशी सुप्रभातचे चाळीस संदेश आले आणि ते वर गेलं. तुमचा राग समजतो, पण माझ्यावर काढू नका.

आवकजावक, सांगली

माझ्या संघटनेच्या तालुका बैठकीला मी दरवेळी असतो. तिथं हा निकाल कधीच निघाला नाही. पदाधिकाऱ्यांचा दोष नाही, ते मंत्रालयाच्या चकरा मारत होते. पण निघाला नाही हे खरं.

हळदपेठ, सांगली

हेच मी रजिस्टरांबद्दल म्हणत होते.

आवकजावक, सांगली

तुम्ही म्हणत होता. ऐकलं मी.

तरी माझी अट राहते. कुलसचिव अध्यक्ष नको. बैठक हॉटेलात नको, कुठल्यातरी कॉलेजच्या वर्गात, रविवारी. मराठीत. वर्गणी कनिष्ठ लिपिकाला परवडेल एवढी. आणि शिपायालाही सभासद होता आलं पाहिजे, कारण रेकॉर्डरूमची किल्ली त्याच्याकडं असते.

कृष्णाकाठची, सातारा

अध्यक्षपदाचं मला मान्य नाही. कुलसचिवांना वगळून मंडळ काढलं तर ते पुन्हा एका गटाचं होईल, आणि वरच्या खुर्चीतल्या माणसालाही कुणीतरी शिकवावं लागतंच. बाकीचं सगळं मान्य. शिपायाचं मला सुचलं नव्हतं, सुचायला हवं होतं.

आवकजावक, सांगली

अध्यक्षाचं नंतर भांडू.

हिशेबनीस, भावाचं निवृत्तीवेतन सुरू होऊन आता बरीच वर्षं झाली. कापलेले पैसे परत मागता येतात का? सेवापुस्तकाची दुय्यम प्रत त्याच्याकडं आहे. विकल्पाचा अर्ज आणि हमीपत्र त्यात असेल तर झेरॉक्स काढतो.

हिशेबनीस, मिरज

उशीर झालाय, तो मुद्दा समोरून येणारच, आत्ताच सांगून ठेवतो. पण आधी कागद बघू. हमीपत्रावर तारीख कुठली आहे आणि नेमकं काय लिहून घेतलंय ते बघा. वसुलीचा मूळ आदेश, आक्षेपाची प्रत आणि उपदान मंजुरीचं पत्र, तिन्ही आणा. रविवारी अकराला मिरज स्टेशनच्या बाहेर भेटतो.

निवृत्त अधीक्षक

मी पण येतो. ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांतल्या काहींचे पत्ते आहेत माझ्याकडं.