रॅमसाठी थांबायचं का?

इथे एकाने सल्ला दिलाय की हार्डवेअर स्वस्तच होत जातं, रॅम (कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी) घ्यायला थांबा. जीबीमागे भाव बघितला तर वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब तसाच आहे, पण उतार सरळ नसतो. २०११ला थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले. दिवाळीनंतर मी इथे नाशिकला एमजी रोडवर हार्डडिस्क घ्यायला गेलो, तर महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर दुकानदाराने माझ्यासमोर पेनाने काट मारली आणि जवळपास दुप्पट आकडा लिहिला. पुढे कितीतरी महिने भाव खाली आलाच नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचंही तेच झालं: कंपन्या एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळल्या, आपल्या घरच्या कॉम्प्युटरला लागणाऱ्या डीडीआर५ला (रॅमची नवी पिढी) माल कमी पडला. मुलांचा अभ्यास किंवा कामधंदा अडत असेल तर कृपया थांबू नका, घेऊन टाका. फक्त हौसेसाठी हवी असेल तर सध्या आहे तीच रॅम चालवा.