अनुभव धागा: भूकंपाचा सराव, आपल्या बडोद्यात

२६ जानेवारी २००१ ची, कच्छच्या भूकंपाची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवते. पण त्या दिवसाच्या आठवणी इथे नकोत. त्यानंतर घरात, शाळेत, सोसायटीत तयारी काय केलीत, सरावात काय जमलं आणि कुठे अडलं, ते सविस्तर लिहा.

कारेलीबाग, चौथा मजला
सराव ठरला तेव्हा जमायची जागा म्हणून सगळ्यांनी पार्किंग सुचवलं. मी हटून बसले. २००१ मध्ये अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या कितीतरी इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वर सगळा भार आणि खाली आधार नाही. तसल्याच खांबांखाली माणसं गोळा करायची? शेवटी समोरचं मैदान ठरलं.

हादरे चालू असताना जिन्याकडे धावायचं नाही, हे गळी उतरवायलाच फार वेळ गेला. शेजारच्या बेन "पहेलां नीचे!" म्हणत दार उघडायच्या. आता शिट्टी वाजली की त्या जेवणाच्या टेबलाखाली शिरतात आणि टेबलाचा पाय घट्ट धरतात. हादरे थांबले की पाइपच्या गॅसचा व्हॉल्व्ह. दांडा पाइपला आडवा झाला म्हणजे बंद. घरातल्या प्रत्येकाने तो स्वतःच्या हाताने फिरवून बघा. आमचा इतका घट्ट होता की सहावीतल्या लेकीला हलेना. गॅसवाल्यांकडून नीट करून घेतला.

शिक्षिका, मांजलपूर
जानेवारीतल्या शाळा सुरक्षा सप्ताहात आम्ही सराव घेतो. लहान मुलं पटकन शिकतात: खाली वाका, डोकं झाका, बाक धरा. नववी-दहावीची मुलं हसत बसायची. मग मी त्यांना २००१ च्या भूकंपातल्या, कच्छमधल्या अंजार गावाबद्दल सांगितलं. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची मुलं तिथे अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या घरांच्या ढिगाऱ्याखाली गेली. वर्ग एकदम गप्प झाला. त्यानंतर मुलांनीच शाळेभोवतीच्या रस्त्यांचा नकाशा काढला आणि मोकळ्या जागेकडे जाणारा रुंद रस्ता निवडला. कुबडी घेऊन चालणाऱ्या एका मुलासोबत कोण असेल, हेही त्यांनीच ठरवलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

दांडिया बाजार, जुना वाडा
माझं माहेर उमरग्याकडचं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत झाला, माणसं गाढ झोपेत होती. म्हणून मला दिवसाढवळ्या केलेला सराव अपुरा वाटतो. आम्ही रात्री दिवे घालवून करतो. पलंगाला बांधलेल्या पिशवीत टॉर्च आणि चपला असतात, कारण फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालता येत नाही. सासूबाईंच्या उशाशी असलेलं सागवानी कपाट लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलं, त्यावरच्या पितळी घागरी खाली आणल्या. सासूबाई कुरकुरल्या, पण ऐकलं त्यांनी.

फत्तेगंज
वडील व्हीलचेअरवर असतात. त्यांना सांगून ठेवलंय: चाकांचे ब्रेक लावायचे, पुढे वाकायचं, दोन्ही हातांनी डोकं-मान झाकायची. सरावात त्यांना हे जमतं. पण लिफ्ट वापरायची नाही म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली आणायचं कसं, हे अजून सुटलेलं नाही. बडोद्याजवळ जरोदला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. त्यांच्या जवानांकडून कुणी खुर्चीसकट उचलायला शिकलं असेल तर लिहा. आमच्या मजल्यावरची चार मुलं शिकायला तयार आहेत.