‘गर्लफाईट’चा शेवट तुम्हाला पटला का?

लातूरकर: काल मित्राच्या माळवदावर पडदा बांधून ‘गर्लफाईट’ हा बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरीचा अमेरिकन सिनेमा बघितला. दिग्दर्शिका करिन कुसामाचा पहिलाच सिनेमा, खर्च साधारण 10 लाख डॉलर, नायिका मिशेल रॉड्रिग्जचंही पदार्पण. 2000 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं मोठं पारितोषिक विभागून मिळालं, शिवाय दिग्दर्शनाचंही. समीक्षकांनी रॉड्रिग्जला डोक्यावर घेतलं. काहींनी कथा मात्र ‘त्याच साच्यातली’ म्हटली. साच्याचं मला काही नाही. फायनलला नायिका डायना लढते ती स्वतःच्या प्रियकराशी, आणि गुणांवर जिंकते! हौशी बॉक्सिंगमध्ये अशी जोड लावतं कोण? इतका वेळ खरं बोललेला सिनेमा शेवटी थाप मारतो. परीक्षक भुलले, दुसरं काय.

परभणीची लेक: दादा, थाप कामून? जत्रेत नारळावरच्या कुस्त्यांना मी पोरांशीच धरायचे. जोडीला पोरगी मिळायचीच नाही. एकदा वर्गातल्याच पोराला चितपट केलं, तर वर्षभर बोलला नाही. डायनाच्या प्रियकराची, एड्रियनची अडचण तीच. मारावं तर आपलीच पोरगी, न मारावं तर तिचा अपमान. तो आधी लढायलाच तयार नसतो, ते उगाच नाही. आणि डायनाचा बाप पोराच्या बॉक्सिंगच्या शिकवणीचे पैसे भरतो, त्या पोराला चित्रं काढायची असतात; पोरीला कुणी विचारत नाही. हे बघायला सिनेमातल्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला जायची गरज नाही.

लातूरकर: ताई, नारळावरची कुस्ती लहान लेकरांची. वयात आल्यावर वजन सारखं असलं तरी ताकद सारखी राहते का? तुमच्या वस्तादांनी पंधराव्या वर्षी लावली असती ही जोड?

परभणीची लेक: नसती. बाराव्या वर्षी मला आखाड्यात येऊच नको म्हणाले.

निवृत्त पंच: (कबड्डीचा, बॉक्सिंगचा नाही.) दोघंही एक विसरताय. ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग आलं 2012 ला, लंडनला. आपल्या मेरी कोमला कांस्य तिथलंच. सिनेमा त्याच्या 12 वर्षं आधीचा. तेव्हा पोरीला जोड शोधायची कुठं? तरी गुणांवरचा विजय मलाही जड गेला.

लातूरकर: तेच म्हणतोय सर. बरोबरीत सोडवली असती तर एक शब्द काढला नसता.

परभणीची लेक: पोरगी वरचढ दिसली की ‘बरोबरीत सोडवा’ म्हणणारे आमच्या जत्रेतही असायचे, दादा. पुढच्याच रांगेत.